कळकलेली वायर

कोकणातल्या आमच्या घरी जाताना एक वहाळ ओलांडावा लागतो. उन्हाळ्यात त्यात पोरे कुर्ल्या धरतात आणि म्हशी डुंबतात. श्रावणात मात्र तो कॉजवेच्या अंगावरून वाहतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका श्रावणातल्या रात्री आईला धाप लागली म्हणून मी जीप त्यात घातली. पाणी बंपरच्या वर चढले, दिवे पाण्याखालून पिवळे दिसू लागले, पण गाडी पार झाली. आई वेळेवर दवाखान्यात पोचली. मी त्या गाडीला मनोमन नमस्कार केला.

गाडी बंद पडली ती कार्तिकात. आकाश निरभ्र, रस्ता कोरडा, शेजारी पुन्हा आईच, तपासणीसाठी निघालेली. घाटाच्या मधोमध इंजिन एकदाच गचकले आणि गप्प झाले. दोन तासांनी खालच्या गावातून वायरमन आला. त्याने इंजिनाजवळचा बोटभर जाडीचा एक कनेक्टर उपसून माझ्यापुढे धरला. आत हिरवट पीठ साचले होते. तो म्हणाला, ‘‘कळकलीय.’’

तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले की जे होते, त्याला आपण कळकणे म्हणतो. वायरमनचा शब्द शास्त्रालाही धरून होता. भांड्यात आम्लाने होणारे काम इथे विजेने केले होते, आणि म्हणून कितीतरी वेगाने. बारा व्होल्टची पिन आणि तिच्या शेजारची अर्थची पिन यांच्यामध्ये गढूळ पाण्याचा एक थेंब अडकला की तिथे शाळेतला विद्युतअपघटनाचा प्रयोग सुरू होतो. धन बाजूचे तांबे विरघळू लागते. पिनांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, म्हणजे कल्हईच. पण विजेपुढे तिचा फार काळ टिकाव लागत नाही. शिवाय गाडीतल्या कित्येक तारांत चावी काढल्यावरही वीज असते. म्हणजे अंगणात उभी असलेली गाडीही रात्रंदिवस आतून खाल्ली जात असते. वहाळाने त्या रात्री मला सोडले नव्हते, मुदत दिली होती.

जुन्या जीपचे दुखणे वेगळे होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये वीज होती सहा व्होल्टची, आणि पाण्याला भ्यायचे ते फक्त प्रज्वलनाच्या भागांनी: कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, प्लग. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट लागतात आणि तारा ओल्या झाल्या की ते वाटेतच गळून जातात. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवायच्या गाड्यांचे हे भाग अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेल्या चिकट ग्रीसने लिंपले होते; तंतूंमुळे ते उष्णतेत ओघळत नसे. किनारा गाठल्यावर मात्र ते लवकर खरवडून काढावे लागे, कारण लिंपलेल्या इंजिनाचा श्वास कोंडतो. लिंपणे आणि उघडणे ही दोन्ही कामे नेमून दिलेली होती, हे मला फार शहाणपणाचे वाटते. पुढे महिंद्रांनी मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. नंतर आलेल्या डिझेल जीपना ठिणगीच नको होती. एकदा सुरू झालेले यांत्रिक पंपाचे इंजिन बॅटरी काढली तरी चालत राही. ‘जुन्या गाड्या कशातूनही जायच्या’ या म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात तथ्य आहे ते इतके.

आजच्या कॉमन-रेल डिझेलला क्रँकच्या सेन्सरकडून निरोप आला नाही तर डिझेल कधी फवारायचे हेच कळत नाही. संगणक आणि सेन्सर यांच्यातले बोलणे बहुधा पाच व्होल्टच्या आत चालते. त्यात थोडी गळती झाली तरी निरोपाचा अर्थ बदलतो. तापमानाच्या सेन्सरचा विरोध उष्णतेने कमी होतो. ओलाव्यानेही तो कमी भासतो, आणि थंड इंजिन तापले आहे असे संगणक समजतो.

मग हे पाणी शिरते कुठून? डबे तर बंद असतात. ‘आयपी ६७’ असा शिक्काही असतो. त्यातला सहा धुळीसाठी आणि सात पाण्यासाठी: एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही चाचणी स्थिर पाण्यातली. घाटातून आलेल्या गाडीतला डबा ८० अंशांवर तापलेला असतो आणि वहाळाचे पाणी २५ अंशांचे. डबा पूर्ण बंद असेल, तर आतली हवा तेवढी थंड होताना तिचा दाब साधारण सोळा टक्क्यांनी उतरतो. हा फरक दीड मीटरहून उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. गाडी गुडघाभर पाण्यात असली तरी सीलला ओढ जाणवते ती पुरुषभर खोलीच्या जवळपासची. डबा पाणी चक्क पितो. म्हणूनच चांगल्या डब्यांना हवा जाऊ देणारे आणि पाणी अडवणारे सूक्ष्म पडद्याचे छिद्र ठेवतात. अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचा ब्रीदर नळी लावून उंच नेतात तोही याच कारणाने. पाण्याआधी दहा मिनिटे थांबून इंजिन निवू देणे हा त्यावरचा फुकटचा उपाय.

दुसरी वाट फसवी आहे. वायरीत तांब्याचे बारीक धागे असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे चढते. खाली बंपरजवळ कोणी जादा दिव्यासाठी वायर सोलून नुसती चिकटपट्टी गुंडाळली असेल, तर पाणी तिथून आत शिरून हातभर लांबच्या कोरड्या डब्यात उगवते. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. आणि तो दिवा मीच हौसेने लावून घेतला होता! जोडावर आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी चढवावी, आणि डब्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावा. बाहेरून ओघळणारे पाणी त्या झोळावरून पागोळीसारखे गळून जाते.

कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरतात. ते वीज वाहू देत नाही, मग संपर्क तुटत नाही का, असे मीही विचारले होते. पिन घट्ट बसताना स्पर्शाच्या जागेवरचे ग्रीस बाजूला सारते आणि उरलेले भोवतीची जागा भरून पाण्याला अडवते. मात्र पिन आधीच कळकलेली असेल तर वरून ग्रीस लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

नव्या थारसाठी पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिलेली आहे. ती सावकाश चालीची आहे, हे लोक विसरतात. वेगाने घुसले की पुढे लाट उठते आणि बोनेटखाली पाणी त्या मर्यादेवर जाते. रेडिएटरपुढे ताडपत्री बांधून चालण्याच्या वेगाने गेले, तर इंजिनाच्या खणात पाण्याची पातळी उलट खाली राहते.

समुद्राचे पाणी हे निराळे प्रकरण. ते नदीच्या पाण्याहून शंभरपट किंवा त्याहूनही चांगले वीजवाहक असते, आणि वाळल्यावर उरलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून पुन्हा ओले होते. किनाऱ्यावर लाटांत जीप पळवून रील काढणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. त्याहून वाईट म्हणजे नंतरची धुलाई. प्रेशरच्या फवाऱ्याने बोनेटखाली धुणे मला नदीहून घातक वाटते, कारण ‘आयपी ६७’ची चाचणी बुडवण्याची आहे, फवाऱ्याची नाही. मीठ धुवायलाच हवे, पण साध्या पाइपने, सौम्य धारेने.

गाडी खरोखर बुडाली असेल, तर ‘सुरू होते का बघू’ हा मोह टाळावा. चावीला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी. विरघळणे त्या क्षणी थांबते. मग कनेक्टर एकेक उघडून गोड्या पाण्याने, शेवटी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावर ग्रीस लावून बंद करावेत. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. त्यांना घरी हात लावू नये.

त्या वायरमनने तो जोड कापून नवा बसवला आणि मजुरी घेतली दोनशे रुपये. आता दर गोपाळकाल्यानंतरच्या रविवारी मी चटई अंथरून गाडीखाली शिरतो. आई ओट्यावरून विचारते, ‘‘सापडलं का रे काही हिरवं?’’ यंदा एक सापडले, मागच्या दिव्याच्या वायरीत.