किल्लीच्या बदल्यात बढती : ‘द अपार्टमेंट’

बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) अजून पाहिला नसेल, तर या शनिवार-रविवारी बघाच! न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर (जॅक लेमन) आपल्या घराची किल्ली साहेबांना देतो. साहेब तिथे बायकोला चोरून भानगडी करतात आणि हा थंडीत रस्त्यावर कुडकुडतो. मोबदला काय, तर बढती. पुढे कळतं, की बड्या साहेबाबरोबर तिथे येणारी मुलगी म्हणजे त्याला आवडणारी लिफ्टवाली फ्रॅन (शर्ली मॅक्लेन).

हे कसं कळतं, ते बघण्यासारखं आहे. तडा गेलेला छोटा आरसा त्याला आपल्या घरात सापडलेला असतो, तोच नंतर फ्रॅनच्या हातात दिसतो. संवादाची गरजच पडत नाही.

ऑफिसचा सेट तर कमाल! कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्राउनर यांनी मागची टेबलं लहान लहान करत नेली आणि शेवटी बुटकी माणसं बसवली, म्हणून तो हॉल संपतच नाही असं वाटतं.

पाच ऑस्कर मिळाले. पण आजही खटकतं ते हे, की दलाली करणाऱ्या या माणसावर आपण चक्क माया करतो. फ्रॅनचा आत्महत्येचा प्रयत्नही याच विनोदी सिनेमात आहे, आणि तिथे वाइल्डर हसू पूर्ण थांबवत नाही. मला ते धाडस वाटतं. काहींना ते निर्दयपणाचं वाटेल.

‘लाइफ इन अ... मेट्रो’मधला किल्ल्या देणारा शर्मन जोशी आठवतोय ना? त्याचं मूळ इथे आहे.