कुंपणाखालची वाट

१९७५ साली रॉयल कमिशन स्थापन झालं आणि सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुबैलमध्ये कारखाने, रस्ते, कंपाउंडं उभी राहत गेली. आमच्या कंपाउंडच्या मागची भिंत संपली की लगेच रिम्थची झुडपं आणि वाळू सुरू होते. आतल्या बागा सांडपाणी शुद्ध करून त्यावर जगवतात. मागच्या अंगणातली हिरवळ म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, बाहेरचं सगळं करपतं आणि सशांना हे हिरवं दिसतं.

ससा यायच्या आधी त्याच्या खुणा येतात. गोल, किंचित चपट्या, कोरड्या लेंड्या. सुरीने तिरकी छाटावी तशा कुरतडलेल्या काड्या. आणि वाळूत उठलेली पावलं. ती वाचायला मला कंपाउंडच्या म्हाताऱ्या सौदी रखवालदाराने शिकवलं. पुढचे दोन पाय एकामागे एक टेकतात आणि मागचे दोन त्यांच्याही पुढे, शेजारी शेजारी. सशाच्या तळव्यांना गाद्या नसतात, नुसते केस असतात, म्हणून ठसा पुसट उमटतो. मांजराचा ठसा गोल आणि स्वच्छ असतो. त्या पावलांच्या मागे गेलं की जाळीच्या कुंपणाखालची फट सापडते. आमच्या फटीत तारेला फिकट केस अडकलेले होते.

हा ससा पिंजऱ्यात पाळतात त्या पांढऱ्या सशांपैकी नाही. तो बिळात वसाहत करून राहत नाही. झुडपाखाली उथळसा खळगा करतो आणि दिवसभर त्यात अंग चोरून पडून राहतो. आपल्याकडच्या माळावरच्या सशापेक्षा चणीने बराच लहान, वजन साधारण किलोभर, पाय काटकुळे, रंग वाळूचा. कान मात्र अंगाच्या मानाने भलतेच लांब. उजेड मागून आला तर त्यांतल्या शिरांचं जाळं स्पष्ट दिसतं. अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. पाणी तो क्वचितच पितो. पाल्यातला ओलावा आणि दव यांवर त्याचं भागतं.

आता ओळख करून घ्यायची कशी? मुलांना वाटतं, गाजर दाखवायचं. गाजरात साखर फार. सशाचं पोट चोथ्यावर चालतं. तो आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खाऊन त्यातलं सत्त्व काढून घेतो, इतकं ते पचन नाजूक. पाव, बिस्किटं, उरलेला भात यांनी ते बिघडतं. शिवाय खाऊ ठेवला की आधी येतात ती कंपाउंडमधली भटकी मांजरं. मी काहीच ठेवत नाही. हरळी आहे, तिच्यावर कीटकनाशक मारू देत नाही, एवढंच.

बाकी सगळं काम बसण्याचं आहे. पहाटे, फजरच्या अजानीच्या सुमारास, ऑफिसच्या बसआधी, त्याच जागी, त्याच बुटक्या स्टुलावर, भिंतीला पाठ लावून. उभा माणूस नको. हातवारे नकोत, मोबाइलचा उजेड नको. मुख्य म्हणजे त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, अंग थोडं तिरकं ठेवायचं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. अगदी नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. आपण त्याला बघायच्या आधी त्याने आपल्याला बघून ठेवलेलं असतं.

तो थबकला की आपणही थांबायचं. दोन्ही कान ताठ म्हणजे अजून हिशेब चालू आहे. मग एक कान माझ्याकडे राहतो, दुसरा भिंतीकडे वळतो. बऱ्याच आठवड्यांनी एका पहाटे माझ्याकडचा कानही वळला आणि तो चरू लागला. पात्याचं टोक दातात धरायचं आणि ते न सोडता आत ओढत न्यायचं. फाटका वरचा ओठ सारखा हलत असतो. मध्येच पुढच्या पायांनी एक कान खाली ओढून चाटूनपुसून साफ केला, मग दुसरा. शत्रू जवळ आहे असं वाटलं असतं तर कानावर पाय ठेवून तो बसला नसता. मला तेवढी मैत्री पुरते.

हात लावायचा मोह होतो, पण तो आवरायलाच हवा. इथे ससाण्याने आणि सलुकी कुत्र्यांनी सशाची शिकार करण्याची परंपरा फार जुनी आहे. ससाणे पाळण्याची कला २०१०मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, तेव्हा ती यादीसाठी मांडणाऱ्या देशांत सौदीही होता. भिंतीपलीकडे कोल्हे आहेत, गाड्या आहेत. तिथे माणसाची भीती संपलेला ससा जगत नाही. त्याने माझ्या एकटीच्या स्टुलापुरतं निर्धास्त असावं आणि फाटकाचा आवाज झाला की पळावं, हेच मला हवं आहे.

थंडी संपता संपता शेजारच्या मुलांनी कण्हेरीच्या कुंपणाखालून एक पिल्लू बुटाच्या खोक्यात घालून आणलं. आई टाकून गेली, अनाथ आहे, दूध पाजूया, असा गलका. सशाचं पिल्लू जन्मतःच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतं. आई मुद्दाम लांब राहते, म्हणजे तिच्या मागावर येणाऱ्याला पिल्लू सापडत नाही. बहुधा सूर्यास्तानंतर एकदाच येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. मुलांना हे सांगितलं, आणि पिल्लू जिथून उचललं होतं तिथेच आम्ही ते परत ठेवलं. संध्याकाळी सगळ्या घरांनी मागचे दिवे बंद ठेवले, एका घराने मांजर आत घेतलं. मुलं वरच्या खिडकीत दाटीवाटीने उभी होती. अंधार पडल्यावर आई आली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलेलं वरूनही दिसलं.

बांगलादेशी माळ्याने तेव्हापासून गवत कापायची पद्धत बदलली आहे. मशीन सुरू करण्याआधी तो काठी घेऊन कुंपणाच्या कडेने एक फेरी मारतो, आणि कण्हेरीलगतची हातभर पट्टी तशीच वाढू देतो.