वर्दी आधी की पदवी आधी?

बारावीचा निकाल लागला आणि माझा भाचा पेढे घेऊन आला. म्हणाला, "मामू, फौजेत जाऊनही इंजिनिअर होता येतं. फीसुद्धा लागत नाही. जाऊ?" मी पडलो बी.ए., त्यातून कवितेचा माणूस. पण मामानं 'ठाऊक नाही' म्हणून कसं चालेल? म्हणून माहिती काढली, ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

भूदलाची 'टेक्निकल एन्ट्री स्कीम' ही अविवाहित मुलांसाठीची योजना आहे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात मिळून 60 टक्के गुण लागतात, जेईई मेनही दिलेली असावी लागते. वेगळी लेखी परीक्षा नाही. पण निवड मंडळापुढे पाच दिवस कसोटी लागते. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत आणि मग वैद्यकीय तपासणी. पुढे 4 वर्षांचं प्रशिक्षण. पहिली 3 वर्षं पुण्यात दापोडी, महू किंवा सिकंदराबादच्या लष्करी महाविद्यालयात, शेवटचं देहरादूनला. अखेर लेफ्टनंटचा हुद्दा आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी. शेवटच्या वर्षी महिना 56,100 रुपये विद्यावेतनही मिळतं.

आता दुसरी बाजू. इथं नोकरी आधी ठरते, शिक्षण तिच्या गरजेप्रमाणे होतं. मन लागलं नाही म्हणून मधेच सोडलं, तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो. बदली कुठं होईल ते आपल्या हाती नाही. अधिकाऱ्याला पेन्शन मिळते, ती 20 वर्षांच्या सेवेनंतर.

नेहमीच्या कॉलेजचं गणित उलटं. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली सुरू झालं, ते सरकारी बांधकाम खात्याला माणसं पुरवण्यासाठी. आज तिथून किंवा अशा कुठल्याही कॉलेजातून बाहेर पडणारा मुलगा कोणाला बांधलेला नसतो. सीईटीच्या गुणांवर शाखा निवडता येते, पुढं मार्ग बदलताही येतो. पण फी घरानं भरायची, कर्ज घरानं फेडायचं, आणि नोकरीची हमी कोणी देत नाही.

एक गोष्ट मात्र पालकांना सहसा ठाऊक नसते. आधी पदवी घेतली म्हणून वर्दीचं दार बंद होत नाही. 'टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स' आणि 'शॉर्ट सर्व्हिस कमिशन' हे मार्ग 20 ते 27 वयाच्या अभियंत्यांसाठी आहेत. शॉर्ट सर्व्हिस मुलींनाही खुलं आहे. शिवाय 2022 पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही मुली आहेत. उलट, आधी वर्दी घातली तर ती उतरवून दुसरं काही करणं सोपं नाही.

हे सगळं सांगून मी भाच्याला विचारलं, "बेटा, कॉलेजची फी माफ झाली असती, तरी फौजेतच गेला असतास?"

तो गप्प झाला. त्याच्या अब्बांची ओढाताण मला ठाऊक आहे, त्यालाही आहे. फी वाचावी ही इच्छा चांगलीच. पण तेवढ्यासाठी आयुष्याची वीस वर्षं देऊ नयेत. सीमेवर पूल बांधायची हौस असेल, शिस्त अंगाला मानवत असेल, तर जरूर जावं. नसेल, तर फीसाठी शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचे मार्ग शोधावेत.

"विचार करतो, मामू," तो म्हणाला. मी म्हटलं, "कर. दोन्हीकडचे अर्ज मात्र भरून ठेव."