विश्लेषण : कुंडीतल्या लिंबोणीला फळ का धरत नाही?

उन्हाळा चढू लागला, की लिंबाचा भावही चढतो. एप्रिल २०२२ मध्ये अनेक शहरांत एका लिंबाला १० ते १५ रुपये मोजावे लागले होते. असा उन्हाळा सोसला, की घरात नर्सरीतून लिंबाचे रोप येते आणि गच्चीवर किंवा अंगणाच्या कोपऱ्यात कुंडीत लागते. दोन-तीन वर्षे जातात. झाड हिरवेगार होते, काटे भरपूर येतात, पण लिंबू एकही दिसत नाही. सांगली जिल्ह्यातील कुंडल परिसराची माती आणि पाणी डोळ्यासमोर ठेवून या प्रश्नाचे उत्तर शोधले, तर चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. ती म्हणजे जास्तीचे पाणी.

जमीन असताना कुंडी कशाला?

पलूस तालुक्यातील कुंडल हे ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यातील गाव. कृष्णाकाठच्या या भागातील काळी जमीन पाणी धरून ठेवते. उसाला ते मानवते, लिंबाला नाही. लिंबाची अन्न घेणारी मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्याशी पाणी साचून राहिले तर मूळकूज होते, खोडातून डिंक वाहू लागतो. त्यात सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या बऱ्याच जमिनी अतिपाण्यामुळे क्षारपड झाल्या आहेत आणि लिंबूवर्गीय झाडे क्षारांना फार नाजूक असतात. कुंडीत मात्र माती आपण निवडतो, पाणी आपण मोजतो आणि पावसात झाड आडोशाला नेता येते. शेवटचा फायदा सर्वांत मोठा आहे. तो कसा, हे पुढे पाहू.

‘बुटके’ लिंबू म्हणजे नेमके काय?

बुटकेपणा बहुतेक वेळा खुंटातून येतो. द्राक्ष बागायतदारांना ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करणे नवे नाही. लिंबाचे तत्त्वही तेच. ‘फ्लाइंग ड्रॅगन’ या खुंटावर बांधलेले झाड खरोखर ठेंगणे राहते, पण चुनखडीच्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात. आपल्याकडे रंगपूर लिंबू आणि जंभेरी हे खुंट अधिक वापरात आहेत. त्यातील रंगपूर क्षारांना तुलनेने जास्त तोंड देतो. या खुंटांवरचे झाड मात्र आपोआप बुटके राहत नाही. कुंडीचा आकार आणि छाटणी यांनीच ते आटोक्यात ठेवावे लागते.

कागदी लिंबाचे बी लावले तरी रोप बहुधा मूळ झाडासारखेच निघते, पण फळाला चार-पाच वर्षे लागतात आणि झाड उंच, काटेरी होते. कुंडीसाठी डोळा भरलेले कलम किंवा गुटी कलम घ्यावे. ते दोन-तीन वर्षांत फळावर येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई सरबती’ आणि ‘फुले सरबती’ या जाती महाराष्ट्रासाठी आहेत. बिनबियांचे, कमी काट्यांचे ताहिती लिंबूही कुंडीत चांगले येते. लिंबाला फळ धरण्यासाठी दुसरे झाड लागत नाही. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे मात्र दिसताच काढावेत. नाहीतर खुंटच वाढतो आणि वरचे झाड मागे पडते.

कुंडी आणि माती कशी असावी?

सुरुवात १२ इंची कुंडीत करून दोन वर्षांनी १८ इंची कुंडीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये झाड हलवावे. तळाला चार-पाच मोकळी भोके हवीत आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी. मातीने भरलेली, भिजलेली मोठी कुंडी ७०-८० किलोंपर्यंत जाते, म्हणून गच्चीवर ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत ठेवावी. दिवसाला सहा तास ऊन हवे. काळा किंवा गडद रंगाचा ड्रम उन्हाळ्यात तापून मुळे भाजतात. त्याला बाहेरून चुना मारावा किंवा पोते गुंडाळावे.

नुसती काळी माती भरणे ही नेहमीची चूक. ती सुकली की आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता खाली निघून जाते. दोन भाग पोयटा किंवा मुरमाड तांबूस माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा हे मिश्रण चांगले. कुंडलमध्ये साखर कारखाना असल्याने प्रेसमड हाताशी असते. ते वापरायचे तर पूर्ण कुजलेलेच आणि थोडे. ताजे प्रेसमड कुंडीत तापते.

पाणी किती आणि कोणते द्यावे?

रोज ठरलेला तांब्या नको. बोट दोन इंच खोल घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच तळातून पाणी निथळेपर्यंत द्यावे. बोअरच्या जड पाण्याने कुंडीत क्षार साठतात. मातीवर पांढरी साय आणि पानांची करपलेली टोके ही त्याची खूण. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी साठवून महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात.

मग फळ का धरत नाही?

कारण झाडाला ताण मिळत नाही. लिंबोणी सतत ओलाव्यात राहिली की पालवी काढत बसते. पाणी तोडले की वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठते आणि पुन्हा पाणी मिळताच फुले येतात. बहार धरणे म्हणतात ते हेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलणाऱ्या हस्त बहाराची लिंबे मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे भाव असताना मिळतात. शेतात हा बहार धरणे अवघड, कारण ताण द्यायच्या दिवसांतच पाऊस पडत असतो. कुंडी मात्र ऑगस्टच्या अखेरीस पत्र्याखाली सरकवता येते, फक्त तिथे ऊन पोचले पाहिजे.

तीन वर्षांच्या निरोगी झाडाचे पाणी साधारण १० ते १५ दिवस तोडावे. पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की थांबावे. मग दोन ओंजळी शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालून आधी हलके आणि तीन-चार दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर मात्र पाण्यात खंड नको. फळे गळतात किंवा तडकतात. युरिया टाळावा, त्याने पालाच वाढतो.

युरोपातही लिंबूवर्गीय झाडे कुंडीतच वाढली. सतराव्या शतकात व्हर्सायच्या राजवाड्यात ती हिवाळ्यात आत नेली जात, थंडीपासून वाचवण्यासाठी. आपण ती आत न्यायची पावसापासून, फुलवण्यासाठी.

रोग-किडींचे काय?

पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी लिंबू फुलपाखराची असते. दोन-चार दिवसांत ती कोवळा पाला फस्त करते. कुंडीतल्या झाडावरून ती हाताने वेचावी. कढीपत्ता आणि बेल याच कुळातील झाडे आहेत, त्यांवरच्या किडी लिंबोणीवर येतात. त्यांच्या कुंड्या लांब ठेवाव्यात. पानांवर, फळांवर खडबडीत तपकिरी ठिपके पडले तर तो खैऱ्या. तो पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. रोगट फांद्या छाटून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. द्राक्षवाल्यांच्या घरी ते असतेच.

एका कुंडीत किती लिंबे मिळतील?

लोणच्याची बरणी भरेल एवढी नव्हे. उन्हाळ्यात घरच्या सरबताला हातभार लागेल एवढी नक्की. त्यासाठी पहिल्या वर्षीची फुले खुडून टाकावीत आणि झाडाला आधी बळ धरू द्यावे. गेली दोन वर्षे लिंबोणी नुसतीच हिरवी असेल, तर नवे रोप आणण्याआधी कुंडीची भोके मोकळी आहेत का, तेवढे पाहावे.