पाणी मोजायचा खर्च कोणाचा? सरकारचा की लाभधारकाचा?

रब्बीचे आवर्तन सुटले की कालव्याच्या गावांत दोन बोलणी हमखास ऐकू येतात. हेडचा शेतकरी म्हणतो, "धरण सरकारचं, पाणी देवाचं, मग पट्टी कशाची?" टेलचा म्हणतो, "मी पट्टी भरली, पण पाणी काही आलं नाही." दोघांचेही दुखणे एकच आहे. प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी त्याच्या बांधापर्यंत पोचवायला जो खर्च येतो, तो कोणी करायचा याचा गावात कधी हिशेबच मांडला जात नाही.

खर्च कशाकशाचा?

हक्क कागदावर लिहिणे सोपे, राखणे खर्चाचे. कोणाचे किती क्षेत्र भिजणार याची यादी करावी लागते. चारीच्या तोंडाशी पाणी मोजावे लागते. पाळीपत्रक लावावे लागते. रात्री चारी फोडणाऱ्यावर नजर ठेवावी लागते. तंटा झाला तर मिटवायचा, पट्टी गोळा करायची, पावत्या फाडायच्या. या सगळ्याला माणूस लागतो आणि माणसाला पगार. पगार निघाला नाही की पाटकरी राहत नाही. पाटकरी नाही म्हटल्यावर ज्याची दांडगाई त्याचे पाणी, आणि पहिला मार बसतो तो टेलच्या गरिबाला.

आपल्या भागाला हे नवे नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत पाटकरी, हवालदार, जागले हे गावाचेच नोकर असत. त्यांचा मोबदला लाभधारक आपल्या क्षेत्राच्या प्रमाणात देत. पाट साफ करायलाही घरटी माणूस जाई. पगार गावाचा, म्हणून नोकर गावाला जबाबदार.

कायदा काय सांगतो?

2005 साली राज्यात दोन कायदे झाले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे सिंचनाचे व्यवस्थापन, प्रशासन आणि देखभाल-दुरुस्ती यांचा खर्च पाणीपट्टीतून निघावा, असे तत्त्व आहे. धरण-कालवे बांधण्याचा भांडवली खर्च त्यात धरलेला नाही. तो सरकारने सोसायचा. शेतीचा दरही कारखान्यांच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणजे खर्चाची मोठी वाटणी कायद्यानेच केली आहे.

दुसरा कायदा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा. यात पाणी वापर संस्थेला चारीच्या तोंडाशी घनमीटरवर मोजून पाणी मिळते. संस्था सरकारची पट्टी एकदम भरते आणि सभासदांकडून घ्यायचा दर स्वतः ठरवते. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारखे स्थान आहे.

मोजून घेण्यात फायदा कोणता? एक हेक्टरला 8 सेंटिमीटरची पाळी दिली तर 800 घनमीटर पाणी लागते. तेच 12 सेंटिमीटर सोडले तर 1200 घनमीटर. क्षेत्रावर पट्टी असली की दोघांना दर सारखाच. मोजमाप आले की वाचवलेले 400 घनमीटर संस्थेच्या खात्यात राहते, टेलला देता येते.

एक सोपा हिशेब

समजा, तुमच्या संस्थेचे लाभक्षेत्र 300 हेक्टर आहे. दोन पाटकरी, प्रत्येकी महिना 12 हजार, पाच महिने: 1 लाख 20 हजार. हिशेबनीस महिना 6 हजार: 30 हजार. चारी-सफाई 30 हजार. एकूण 1 लाख 80 हजार. हेक्टरी 600 रुपये, म्हणजे एकरी 240-245 रुपये. सरकारी पट्टी वेगळी. आता एक पाळी चुकल्याने गव्हाचे वा कांद्याचे किती नुकसान होते, ते तुम्हीच मनात धरा.

हे करून दाखवलेलेही आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पाच्या टेलवर, ओझरला, 1991 साली समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे साऱ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. सुरुवात टेलने केली, हे विसरू नका. गरज त्यालाच जास्त असते.

सरकारची सुटका नाही

फुटकी चारी संस्थेच्या गळ्यात बांधून खात्याने हात झटकावेत, हेही चालणार नाही. धरण, मुख्य कालवा, मोजमापाची यंत्रे बसवणे, लाभक्षेत्राच्या अचूक याद्या आणि पाण्याची हक्कदारी ठरवणे ही कामे सरकारचीच. एक संस्था दुसरीचे पाणी तोडू लागली तर न्याय देणारा वरचा अधिकारीही सरकारनेच दिला पाहिजे. हा भार गावावर टाकला तर लहान संस्था दोन वर्षांत मोडतील.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि संचालकांनी एवढे पाहावे:

1. शाखा अभियंत्यांबरोबर चारीची संयुक्त पाहणी करा. प्रत्येक फुटतूट लिहून घ्या. दुरुस्ती आधी, ताबा नंतर.

2. मोजमाप यंत्र चालू आहे का, ते पाणी सोडून बघा. रोजच्या नोंदीवर खात्याचा आणि संस्थेचा, दोघांचा माणूस सही करील असे ठरवा.

3. जुन्या थकबाकीचा निकाल आधी लावा. मागच्याचे ओझे नव्या संस्थेवर नको.

4. अंदाजपत्रक हंगामाआधी सभेत वाचा. जमाखर्च हंगाम संपताच चावडीवर लावा.

5. पट्टी पाळीच्या आधी घ्या. संचालकाच्या भावालाही सूट नको.

पैसे भरणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क असतो. लाभधारकाने आपला वाटा भरला तरच तो साहेबाला ठणकावून विचारू शकतो, "आमचे घनमीटर कुठे गेले?" येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि बोलायला पहिल्यांदा टेलच्या शेतकऱ्याला उभे करा.

— कृषी विस्तार अधिकारी