पुराच्या नावेचे इंजिन: आठ महिन्यांची झोप

खानदेशात नावेच्या इंजिनावर व्याख्यान! विषय वाचून काही श्रोत्यांना हसू आले असेल. आमचा मुलूख कापसाचा नि केळीचा. समुद्र येथून दूर. परंतु हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावरची तापी ज्यांनी पाहिली आहे, किंवा धुळ्याच्या पुलांशी भिडलेले पांझरेचे पाणी ज्यांना आठवते, ते हसणार नाहीत. अशा वेळी छपरावर अडकलेल्या माणसाकडे जाते ती रबरी नाव, आणि तिला नेते ते मागच्या फळीवर अडकवलेले छोटे इंजिन. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यास असते, ती याच कामासाठी.

या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. ओल इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत त्याचा धंदा सुरू केला. तिकडे हिवाळ्याचे भय. आत राहिलेले पाणी गोठते, फुगते आणि धातूला तडा जातो. आपल्याकडे बर्फ नाही. पण जळगावचा मे महिना आहे, धूळ आहे आणि नासलेले पेट्रोल आहे. आमचे म्हणणे एवढेच की, इंजिन चालून जितके बिघडते त्याहून अधिक ते निष्काळजीपणे ठेवल्याने बिघडते. आणि तो बिघाड कळतो तो नेमका पुराच्या रात्री, दोरी ओढल्यावर.

मग ठेवावे कसे? पहिले काम आंघोळीचे. हे इंजिन नदीचेच पाणी ओढून स्वतःस थंड ठेवते. पुराच्या पाण्यातला गाळ त्याच्या बारीक वाटांत बसतो. म्हणून स्वच्छ पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून ते काही मिनिटे चालवावे. मागून पाण्याची धार नीट पडते की नाही, ते पाहावे. पाण्यावाचून मात्र क्षणभरही चालवू नये. आतल्या पंपाचे रबरी चक्र जळून जाते.

दुसरे काम पेट्रोलचे. आज पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. टाकीत महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलाचा चिकट थर बनतो व कार्बुरेटरची छिद्रे बुजतात. यास्तव इंजिन पिंपातच असताना पेट्रोलची नळी काढावी, ते आपोआप बंद पडू द्यावे आणि टाकी रिकामी करावी.

त्यानंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे व दोरीने इंजिन दोनचार वेळा हळूहळू फिरवावे. तेलाचा पातळ थर गंज येऊ देत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाचे जुने तेलही बदलावे.

चौथे काम पंख्याजवळच्या गिअरपेटीचे. तिचे तेल काढून पाहा. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, सील बदलले पाहिजे. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत. म्हणजे आत हवा राहत नाही. पंखाही काढून पाहावा. दांड्याला जाळ्याचा धागा गुंडाळलेला असतो, तोच पुढे सील कापतो.

शेवटी इंजिन लाकडी घोडीवर उभे टांगावे, म्हणजे उरलेले पाणी निथळते. वर सुती कापड घालावे. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते. उंदरांचा बंदोबस्त करावा, नळ्या नि तारा हे त्यांचे आवडते खाद्य.

यात फार तर एक सकाळ जाते. मुहूर्तही आपल्या वाडवडिलांनी नेमून ठेवला आहे. पाऊस ओसरतो तेव्हाच खंडेनवमी येते. त्या दिवशी आपण हत्यारांना हळदकुंकू लावतो. त्याच सकाळी हे इंजिन धुऊन, पुसून, तेल देऊन निजवले तर त्याहून खरी पूजा कोणती? मग रोहिणी नक्षत्र लागताच ताजे पेट्रोल भरून, पिंपात चालवून त्याला जागे करावे.

शेतकरी पेरणी झाल्यावर तिफण धुऊन आढ्याला टांगतो, कारण पुढच्या मृगात ती लागणार हे त्याला ठाऊक असते. पूर मात्र सांगून येत नाही. छपरावर बसलेला माणूस वाट पाहतो ती नावेची. तिचे इंजिन पहिल्या ओढीस लागेल की नाही, हे मागल्या आश्विनातच ठरलेले असते.