हैदराबादेहून निघालेला दर्यावर्दी

आपला आदिलाबाद जिल्हा समुद्रापासून फार दूर. पैनगंगेचे पाणी वर्धेला, वर्धेचे प्राणहितेला आणि प्राणहितेचे गोदावरीला मिळून अखेर बंगालच्या उपसागरात जाते खरे. परंतु त्या पाण्यामागोमाग समुद्रापर्यंत गेलेली माणसे आपल्या खेड्यांत थोडीच. म्हणून ‘आपल्या मुलांचे आरमारात काय काम?’ असे कोणी विचारले की मला रामदास कटारी यांची आठवण होते.

कटारी यांचा जन्म १९११ साली मद्रासजवळच्या चेंगलपट्टू येथे झाला. शालेय शिक्षण मात्र झाले ते समुद्र नसलेल्या हैदराबादेत. जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण हिंदी मुलांना स्वदेशात मिळावे, यासाठी १९२७ मध्ये मुंबईस ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज सुरू झाले. त्याच्या पहिल्याच तुकडीत हा मुलगा दाखल झाला.

पुढे त्यांच्या वाट्याला आले ते कलकत्त्याच्या हुगळी नदीच्या मोजणीचे काम. तेथील वाळूचे दांडे सतत सरकतात. पाण्याची खोली मोजावी, नकाशावर उतरवावी, आणि वाळू हलली की पुन्हा पहिल्यापासून मोजावी! त्यात ना कीर्ती, ना गाजावाजा. परंतु एक आकडा चुकला तर भरलेले जहाज रुतायचे. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ते आरमाराच्या स्वयंसेवक दलात शिरले आणि शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढण्याच्या विद्येत तरबेज झाले. तेथेही काम तेच: न दिसणाऱ्या खोलीचा अचूक अंदाज घेणे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. भूदलास १९४९ मध्ये व वायुदलास १९५४ मध्ये हिंदी प्रमुख लाभला. आरमाराची धुरा मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहिली, कारण लढाऊ ताफा चालविण्याचा दीर्घ अनुभव आपल्या तरुण अधिकाऱ्यांपाशी अद्याप नव्हता. कटारींनी तो पायरीपायरीने मिळविला, आणि २२ एप्रिल १९५८ रोजी ते आरमाराचे पहिले हिंदी प्रमुख झाले.

त्यांच्याच कारकिर्दीत १९६१ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आली आणि त्याच डिसेंबरात गोव्याची मोहीम झाली. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरताना आरमाराचे सात जवान कामास आले. पोर्तुगीजांकडीलही माणसे पडली. विजय कितीही झटपट मिळो, काही घरांत दिवा विझतोच. हुकूम देणाऱ्याच्या खांद्यावरचा भार तो हाच.

जून १९६२ मध्ये त्यांनी आपली जागा भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे सोपविली. आणि वाचकहो, त्यानंतर त्यांनी काय पत्करले? आंध्र प्रदेशच्या मार्ग परिवहन महामंडळाचे अध्यक्षपद! ज्या आर.टी.सी.च्या गाडीने आपण बाजाराला नि इस्पितळाला जात आलो, तिचा कारभार आरमारप्रमुखाने पाहिला. पुढे ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. १९८३ साली सिकंदराबादेत त्यांचे देहावसान झाले.

नदीची मोजणी, युद्धनौका, प्रवाशांच्या गाड्या: यांतले कोणतेच काम त्यांनी हलके मानले नाही. आईबापांनो, आपला मुलगा उद्या आरमाराच्या भरतीचा अर्ज घेऊन आला, तर समुद्र दूर आहे म्हणून त्याला अडवू नका. आणि त्याच्या वाट्याला आधी पाणी मोजण्यासारखे काही आले, तर ते नीट मोज, एवढे त्याला अवश्य सांगा.